जुनेर

"घरातलं जुनेर घेऊन या," पाटोळे सिस्टर म्हणाल्या. "असेल तेवढं आणा. दोन जुनी लुगडी असली तरी भागेल."

अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दारापाशी उभ्या असलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले. सुव्रता मगदूम, तिची आई आणि सुव्रताच्या धाकट्या बहिणीचा नवरा किरीट. दाराच्या आत, एका उबदार पेटीत, त्या बहिणीची मुलगी होती. दिवस भरायच्या कितीतरी आधी, त्याच सकाळी जन्मलेली. ओंजळीत मावेल एवढी. तिचे नाव अजून ठेवले नव्हते आणि ठेवावे की नाही, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नव्हता.

"जुनेर म्हणजे?" किरीटने विचारले.

"अहो, जुनी सुती साडी. धुऊन धुऊन मऊ झालेली. बायकोची असू दे, सासूबाईंची असू दे." सिस्टर थांबल्या. तिघांचे चेहरे पाहून त्यांना कळले. "नाही ना कुणाकडं? वाटलंच मला. हल्ली कुणाकडंच नसतं."

डॉक्टर बिरनाळे बाहेर आल्या आणि समजावून सांगू लागल्या. आपल्या कातडीवर मेलेल्या पेशींचा एक पातळ थर असतो, भिंतीवरच्या गिलाव्यासारखा. पाणी आत राहते आणि जंतू बाहेर राहतात ते त्या थरामुळे. या बाळाचा गिलावा अजून झालेलाच नाही. दोन-तीन आठवड्यांत तो आपोआप होईल. तोवर तिची कातडी भिजलेल्या कागदासारखी आहे. साधा ओरखडा उठला तरी जंतूंना दार उघडे.

"आणि तुमच्या इथल्या चादरी?" आईने विचारले.

"परतसुताच्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. सुव्रताकडे न पाहण्याचा त्यांनी प्रयत्न केला. "सगळीकडे त्याच असतात. एका तासात पाठीवर लाल रेघा उठल्या. सध्या जेलीच्या गादीवर ठेवलंय, पण तिला कूस बदलून द्यावी लागते, गुंडाळावं लागतं, आईच्या छातीशी धरावं लागतं. त्याला कापडच हवं."

सुव्रता खाली मान घालून उभी राहिली. परतसूत तिने घडवले होते.

*

इचलकरंजीत वाढलेल्या मुलीला कापडाचे कौतुक नसते. मागांचा खडखडाट ऐकतच ती झोपते आणि उठते. सुव्रताला लहानपणापासून दिसत आला होता तो कापडाचा शेवट. गावाबाहेरच्या ओढ्याचे पाणी त्या त्या हंगामात जो रंग खपत असेल त्या रंगाचे असायचे. ओढ्याच्या काठाला टाकून दिलेल्या कपड्यांचा डोंगर असायचा. एकदाच घातलेले कुर्ते, किमतीची चिठ्ठीही न काढलेले शर्ट. वस्तूंची रचना शिकायला ती बाहेरगावी गेली, तेव्हा पहिल्याच वर्गात तिने सांगितले होते, "मला असं कापड करायचंय, की जे मागे काहीच ठेवणार नाही."

आणि तिने ते केले. उसाच्या चिपाडातून काढलेल्या रेणूंची लांबच लांब माळ म्हणजे परतसुताचा धागा. माळेतला प्रत्येक मणी पुढच्या मण्याला एका आकड्याने अडकवलेला असतो आणि प्रत्येक आकड्यावर एक कडक टोपी असते. साबणाच्या पाण्यात दर धुण्याला थोड्या टोप्या गळतात. साधारण साठ धुणी झाली की बहुतेक आकडे उघडे पडतात. मग ते कापड कंपनीच्या टाकीतल्या कोमट पाण्यात सोडायचे. आकडे सुटतात, मणी मोकळे होतात, आणि बघता बघता साडीचा दुधासारखा रस होतो. त्याच रसातून नवा धागा निघतो. कचरा नाही, धूर नाही, ओढ्यात रंग नाही.

टाकीत साडी विरघळताना पाहायला लोक मुलांना घेऊन येत. मुले टाळ्या वाजवीत.

ओढ्याकाठचा डोंगर खरोखरच नाहीसा झाला. त्याबद्दल सुव्रताला पुरस्कार मिळाले, आणि ते योग्यच होते. पण एक गोष्ट तिने गृहीत धरली होती, ती घडली नाही. तिला वाटले होते, कचरा संपला की हव्यासही थोडा शमेल. झाले उलटे. पूर्वी नवी साडी घेताना बाई कपाटाकडे पाहून दोनदा विचार करायची. घरात जागा नाही, जुनीचे काय करायचे, असे काहीतरी मनात यायचे. आता जुनीचे काय करायचे हा प्रश्नच उरला नाही. टाकणे सोपे झाले आणि त्याबरोबर घेणेही. लोक आठवड्याला कपडे घेऊ लागले. साठ धुण्यांपर्यंत थांबायलाही कुणी तयार नव्हते, म्हणून कंपनीने चाळीस धुण्यांचे नवे परतसूत तयार केले होते. त्याच्या परवानगीसाठी सरकारी समिती येत्या गुरुवारी येणार होती.

आणखी एक गोष्ट होती. तिच्याकडे मात्र सुव्रताचे कधी लक्षच गेले नव्हते. सुती कापड झिजते. त्याची खळ जाते, धाग्याचा पीळ सैलावतो, आणि शेकडो धुण्यांनंतर ते सायीसारखे होते. परतसुताच्या टोप्या जोवर असतात तोवर धागा ताठ असतो, आणि टोप्या गेल्या की धागाच जातो. साठाव्या धुण्यापर्यंत कापड अगदी पहिल्या दिवसासारखे राहते, म्हणून लोकांना ते आवडले. त्या कापडाला म्हातारपण नव्हते. एक तर ते नवे असायचे, नाही तर नसायचे.

*

दुपारभर शोधाशोध झाली. किरीटने फोनवर सगळा देश पालथा घातला. नवे सुती कापड मिळत होते, चार दिवसांनी. रसायनांनी मऊ केलेलेही मिळत होते, पण रसायन थोडे तरी मागे राहते म्हणून डॉक्टरांनी ते आधीच नको म्हटले होते. आई आणि सुव्रता ओळखीच्या घरांतून फिरल्या. प्रत्येक घरी कपाट उघडले जाई, आणि आत परतसुताच्या साड्या नव्याकोऱ्या उभ्या असत.

"अगं, ती गाडी आली होती की," एक शेजारीण म्हणाली. "जुनं द्या, नवं न्या. एका सुती साडीला दोन नव्या देत होते. म्हटलं, चिंध्या ठेवून काय करायचं?"

शेवटी दोघी आईच्याच घरी आल्या. आईने पलंगाखालची ट्रंक ओढली. ती रिकामी असल्याचे तिला माहीत होते, तरी ओढली.

"माझ्या आईची चार होती यात," ती म्हणाली. "तुम्ही दोघी झालात तेव्हा त्यातलीच दुपटी केली होती. बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावायचं नाही, असं आमच्याकडं."

"तू का दिलीस गं?"

आईने झाकण लावले. "गाडीवर तुझा फोटो होता. गल्लीत सगळ्यात आधी आपण नाही द्यायचं तर कुणी? ड्रायव्हर म्हणाला पण, मावशी, राहू द्या की एखादं. मी म्हटलं, माझ्या लेकीनं केलंय हे, तिच्यापेक्षा तुला जास्त कळतंय व्हय रे?"

सुव्रता पलंगाच्या कडेवर बसली. परतसुताचे आयुष्य ठरवण्यापूर्वी तिने शेकडो बायकांशी बोलून घेतले होते. एक साडी किती वेळा नेसता? उत्तरे येत, पन्नास, साठ. मग काय करता? मग लंगोट, दुपटी, गोधडीचे अस्तर, मोदक उकडायचे फडके, भाजलेल्या बोटाला गुंडाळायची चिंधी, फरशी पुसायचे पोतेरे. हे सगळे तिने ऐकले होते. ती स्वतः अशाच दुपट्यात वाढली होती. तरीही, साडी कपाटातून निघाली की वापर संपला, असेच तिने धरले. हिशेबात साडी नेसणारी बाई होती. साडीचे उरलेले अर्धे आयुष्य ज्यांच्या अंगाखाली जाते, ती माणसे नव्हती.

"आई," ती म्हणाली, "एक ठिकाण आहे."

*

कोणतीही चाचणी करायची तर तुलनेला काहीतरी लागते. परतसुताच्या दर घाण्याचा नमुना प्रयोगशाळेत धुतला जाई, तेव्हा त्याच्यासोबत पांढऱ्या साध्या मलमलीचा एक लांब पट्टाही धुतला जाई. पाणी तेच, साबण तोच. नमुना बदले, पट्टा तोच राही. त्याला सगळे साक्षीचे कापड म्हणत. दहा वर्षे ते धुतले जात होते. समिती आधी त्याची झीज मोजणार आणि मग त्याच्या आधारे नव्या धाग्याची. ते नसेल तर तपासणी होऊच शकत नव्हती.

सुव्रताने ते काचपेटीतून काढून हातावर घेतले. त्यातून तिला स्वतःच्या तळहाताच्या रेषा दिसल्या.

"काय चाललंय?" मागून आवाज आला. कंपनीचे प्रमुख, श्रीनिवास हेरवाडकर, दारात उभे होते. तिने सांगितले, तेव्हा ते खुर्ची ओढून बसले. ते वाईट गृहस्थ नव्हते. स्वतःचा बंगला गहाण ठेवून त्यांनी तिच्या पहिल्या धाग्याला भांडवल दिले होते.

"मी विमानाने कापड मागवतो," ते म्हणाले. "जगात कुठूनही. बोल, कसलं पाहिजे?"

"जुनं."

"ते कोण विकतं?"

"कुणीच नाही, सर."

हेरवाडकरांनी तिच्या हातातले कापड घेऊन उजेडाकडे धरले. मग म्हणाले, "अर्धं ने. अर्ध्यावर तपासणी होते, नियमात बसतं. पण अर्धं राहिलंच पाहिजे. चारशे घरं आहेत आपल्या मागांवर. नवं परतसूत झालं नाही, तर थोड्याच महिन्यांत निम्मे माग बंद. हे तुला मी सांगायला नको."

तिने मधोमध चीर दिली आणि ओढले. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटत गेले. तो आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

*

कापड उकळून, निर्जंतुक करून, त्याचे तुकडे पेटीत गेले. दुसऱ्या दिवशी पाठीवरच्या रेघा फिकट झाल्या. तिसऱ्या दिवशी सुव्रताच्या बहिणीला, श्रुतिकाला, बाळ पहिल्यांदा छातीशी धरू दिले. मध्ये एकच पातळ तुकडा.

"आक्का, बघ की," श्रुतिका कुजबुजली. "हिचं नाक आईवर गेलंय."

"तेवढं सोडून बाकी सगळं चांगलं आहे म्हणायचं," आई दारातून डोकावून म्हणाली, आणि त्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसली.

सुव्रता बाहेर आली, तेव्हा बाकावरून एक तरुण बाई उठली. अंगावर दवाखान्याचा झगा, चेहरा ओढलेला. शेजारच्या पेटीतल्या मुलाची ती आई.

"मी नाझिया मोमीन. ताई, ते फडकं तुम्ही आणलं ना? आमच्या पोराच्या मानेची साल निघालीय. एखादा तुकडा मिळेल का?"

सुव्रताने पाटोळे सिस्टरांकडे पाहिले. सिस्टरांनी हळूच मान हलवली. "दर दोन-तीन तासांनी बदलावं लागतं, मॅडम. उकळून येईपर्यंत दुसरं पाहिजे. एकाच बाळाला कसंबसं पुरतंय. त्यातून काढलं तर दोघांचेही हाल."

"मला विकत द्या," नाझिया म्हणाली. "मी कामाला आहे. परतसुताच्याच मागावर आहे मी. या इथल्या चादरी आमच्याच खात्यात विणल्यात." आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर कळले असावे. ती बाकावर बसली आणि हातांकडे पाहत राहिली.

आपल्या बाळापुरते सगळे जुळले होते. भाची जगणार होती, नोकरी राहणार होती, हेरवाडकरांना दिलेला शब्दही राहणार होता. सुव्रता जिन्यापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. ही बाई ज्या मागावर उभी राहते, तो तिच्या मुलाला ओरबाडत होता. आणि त्या मुलासाठी उरलेले कापड नेले, तर तोच माग बंद पडणार होता. यातले काहीही करताना नाझियाला कुणी विचारले नव्हते. सुव्रता परत फिरली आणि तिने सगळे तिला सांगितले. समिती, अर्धे कापड, माग.

नाझियाने पुरते ऐकून घेतले. "म्हणजे माझं काम जाईल?"

"जाऊ शकतं. माझं तर जाईलच."

"ताई, काम दुसरं बघता येतं," नाझिया म्हणाली. तिचा आवाज चढला. "हे पण काय विचारायचं झालं?"

*

गुरुवारी समितीचे तीन सदस्य प्रयोगशाळेत बसले. अध्यक्षांनी काचपेटीकडे पाहिले. ती रिकामी होती.

"साक्षीचं कापड कुठे आहे?"

"वापरात आहे," सुव्रता म्हणाली.

हेरवाडकरांनी डोळे मिटून घेतले.

तिने दोन बाळांची हकिगत सांगितली. मग म्हणाली, "चाळीस धुण्यांच्या धाग्याला परवानगी देऊ नका, असं मी तुम्हाला सांगते आहे. साठच्या धाग्यातही चूक आहे, आणि ती माझी आहे. कचरा होऊ नये म्हणून मी कापडाचं म्हातारपण काढून टाकलं. मला वाटलं, वस्तू नवी असते तेव्हाच उपयोगाची. घरातल्या बायका वेगळं सांगत होत्या. वस्तू झिजत जाते तशी ती जास्त नाजूक कामाला येते, असं त्या सांगत होत्या."

"मग उपाय काय?" अध्यक्षांनी विचारले. "पुन्हा ओढ्यात कचरा?"

"नाही. टोप्या मऊ करता येतील. कापड हळूहळू झिजेल, वर्षानुवर्षं टिकेल आणि चिंधी झाली की मगच टाकीत जाईल. असा धागा होऊ शकतो. फक्त खप कमी होईल."

"किती कमी?" हेरवाडकरांनी विचारले. सबंध बैठकीत ते एवढेच बोलले.

"फार. त्यावर ही कंपनी आज आहे तेवढी चालणार नाही, सर."

समितीने निर्णय पुढे ढकलला. सुव्रताला संध्याकाळपर्यंत टेबल रिकामे करायला सांगण्यात आले. तिची पेटी हेरवाडकरांनी स्वतः गाडीपर्यंत आणून दिली, आणि ते परत गेले. दोन महिन्यांत निम्मे माग थांबले. बाजारात काही लोक तिला पाहून तोंड फिरवीत. तिला त्यांचा राग येत नसे. रोज सकाळी पाणी भरताना तिला त्या बंद मागांचा विचार येई.

*

दोन्ही मुले घरी गेली. भाचीचे नाव ठेवले आर्यिका. नाझियाच्या मुलाच्या मानेवर एक पांढरट डाग राहिला. साक्षीच्या कापडाचे तुकडे दवाखान्यातच राहिले, आणि पाटोळे सिस्टरांचा निरोप आला: आणखी दोन बाळे आली आहेत, कापड विरत चालले आहे, अजून कुठे असेल तर बघा.

नव्हते. आणि ते तयार करता येत नव्हते. सुव्रताने सगळ्या पद्धती कागदावर मांडून पाहिल्या. घाईने यंत्रात घुसळून काढलेले कापड मऊ होण्याआधी फाटे, आणि साक्षीच्या कापडासारखे सावकाश नुसते धुवायचे तर दहा वर्षे लागत. अंगाची ऊब, घाम, ऊन, हाताचे पिळणे, पुन्हा अंग, असे वर्ष-दोन वर्षे चालले तरच ते त्याआधी तसे होत असे. म्हणजे कुणीतरी ते अंगावर वागवायलाच हवे होते.

एक जुना मागवाला बाहेरदेशी पाठवायला सुती कापड विणत होता. नाझिया आता त्याच्याकडे कामाला होती. तिने साडीपन्ह्याचे तागे बाजूला काढून ठेवले. आईने गल्लीतल्या बायकांना घरी बोलावले.

"दोन साड्या घ्यायच्या आणि आलटून पालटून त्याच नेसायच्या," आई म्हणाली. "टाकीत द्यायच्या नाहीत. फाटली तर शिवायची."

"रोज त्याच?" शेजारीण म्हणाली. "लोक म्हणतील, हिला नवऱ्यानं टाकली."

"मला तर देवानंच टाकलीय," एक विधवा म्हातारी म्हणाली. "आण इकडं. मी नेसते."

बायका हसल्या. सगळ्यांनी नाही घेतल्या. सात-आठ जणींनी घेतल्या. त्यातल्या दोघींनी महिन्याभरात सोडूनही दिल्या, कारण कापड खरोखर टोचत होते.

सुव्रतालाही टोचत होते. खळीची कडक साडी खांद्यावर राहत नसे, मानेला घासे, चालताना कागदासारखी वाजे. उभ्या आयुष्यात इतकी गैरसोयीची वस्तू तिने कधी वापरली नव्हती. कॉलेजात असताना ती असल्या वस्तूला नापास करून टाकत असे.

एका दुपारी ती गच्चीवर साडी वाळत घालत होती. श्रुतिका आर्यिकाला घेऊन वर आली. बाळाने हात पुढे करून ओल्या पदराची कड मुठीत धरली, आणि खरखर लागताच सोडून दिली.

"आक्का, हिला काही आता याचा उपयोग नाही," श्रुतिका म्हणाली. "ही साडी मऊ होईल तेव्हा ही पळत असेल."

"हिच्यासाठी नाहीच आहे."

"मग कुणासाठी?"

सुव्रताने साडीच्या दोन कडा जुळवल्या, झटकली, आणि तारेवर टाकली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "अजून कुणाला दिवससुद्धा गेले नसतील."

ऊन कडक होते. संध्याकाळपर्यंत साडी वाळली. तिने ती घडी न करता तशीच नेसली आणि स्वयंपाकाला लागली.